तिथं कोन गेलं होतं पाहाले?

एप्रिल २०२५ मध्ये पेपरात मोठ्या अक्षरांत बातमी आली, दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा! शेगावच्या आमच्या भिशीत मीच ती ठसक्यात वाचून दाखवली. कचोऱ्या गार झाल्या. सासूबाईंनी एकच विचारलं, ''कावं, तिथं कोन गेलं होतं पाहाले?''

मैत्रिणींनो, प्रश्न अगदी रास्त होता. के२-१८बी नावाचा हा ग्रह १२४ प्रकाशवर्षं दूर. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो. ग्रहाच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशावरून तिथल्या वायूंचा हिशेब मांडायचा. आता सूर्यासमोरून पृथ्वी गेली, तर उजेडाच्या दहा हजार भागांतला एक भागसुद्धा कमी होत नाही. वातावरणाची खूण त्याहूनही बारीक. यंत्राची स्वतःचीच खरखर तेवढी असली, तर कळायचं कसं?

म्हणून आधी कॉम्प्युटरवर रंगीत तालीम होते. ताऱ्याचं तेज, ग्रहावर असेल असं मानलेलं वातावरण, यंत्राची खरखर, सगळं प्रोग्रॅममध्ये भरायचं. मग दुर्बिणीला काय दिसेल, ग्रह किती वेळा ताऱ्यासमोरून जाताना पाहावा लागेल, ते तो सांगतो. सगळा घाणा टाकण्याआधी आपण एक कचोरी तळून बघतोच की! जेम्स वेब दुर्बीण २०२१ मध्ये निघाली आणि पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन राहिली. तिथे मेकॅनिक जात नाही, आणि तिच्या तासातासासाठी जगभरातून अर्ज येतात. 'पॅन्डएक्सो' हा असा प्रोग्रॅम २०१७ मध्ये नताशा बटाल्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्यांची आई नॅटली याही ग्रहशोधकच. वास्प-३९बी या ग्रहावर २०२२ मध्ये कार्बन डायऑक्साइड सापडला, त्या चमूचं नेतृत्व आईकडे होतं. मायलेकींचं बोलणं काय चालत असेल घरात, मला उगाच कुतूहल.

के२-१८बीची ती निरीक्षणं वेबवरच्या 'मिरी' या यंत्राची. (नाव ऐकून सासूबाई खुदकन हसल्या.) हे यंत्र उणे २६६ अंशांपर्यंत गार ठेवावं लागतं. त्याचं नासाकडचं काम सांभाळलं मुंबईत वाढलेल्या, तिथल्याच आयआयटीत शिकलेल्या कल्याणी सुखात्मे यांनी.

पुढे इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली. जीवसृष्टीची म्हणून सांगितलेली खूण खरखरीतून ठामपणे वेगळी निघत नाही, असं अनेकांचं मत पडलं. दावा करणाऱ्यांनीही पक्का शोध लागला असं म्हटलं नव्हतं. ते म्हटलं मथळ्याने, आणि भिशीत मी.

हे सगळं मला समजावलं माझ्या बारावीतल्या लेकीने. तिला फिजिक्सच घ्यायचंय, तेही पुण्याला जाऊन. ''कॉम्प्युटरवर खोटे ग्रह मांडून पोट भरतं का?'' हा तिच्या बाबांचा प्रश्न. पुढच्या भिशीत माझी चूक मी सांगितली. घरातला हा वाद मात्र अजून मिटलेला नाही, आणि फॉर्म भरायला शुक्रवारपर्यंतच मुदत आहे.