मुलाला विद्यापीठात कार हवी?

विद्यापीठात प्रवेश मिळाला की मुलगा वडिलांकडे कार मागतो, अशी घरे आता आपल्या व्यापारी बांधवांतही दिसू लागली आहेत. आमचे मत स्पष्ट आहे : दुकानाच्या भांडवलातून ती घेऊ नये.

शहागंजपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ जेमतेम चार-पाच किलोमीटर. वाटेत खाम नदी, आणि तिच्या काठी मकाई, महमूद, बारापुल्ला हे जुने दरवाजे. हत्ती-घोड्यांच्या काळातील या कमानींपाशी कार खोळंबते, शेजारून स्कूटर निघून जाते. विद्यापीठाचे आवार शेकडो एकरांचे, पायी फिरून माणूस दमतो, हे खरे. त्याला सायकल पुरे.

आता हिशेब. स्वतःच्या नावावर सात लाखांची पेट्रोल कार घेतली, तर महाराष्ट्रात ११ टक्के वाहन कर, म्हणजे ७७ हजार. थर्ड पार्टी विमाही २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा. ‘दुकानाच्या नावावर घेऊ, जीएसटी वजा होईल,’ असे काहीजण म्हणतात. होत नाही. कापड, किराणा, हार्डवेअरच्या व्यापाऱ्याला प्रवासी कारवरील जीएसटीची वजावट कायद्यानेच बंद आहे. हाच पैसा रमजानपूर्वी मालात घातला, तर ईदपर्यंत दुकानात फिरतो. कारागिराने तर मुलाच्या कारसाठी कर्ज काढणे आम्हाला मुळीच पटत नाही.

मुलगी खुलताबादहून रोज येत असेल तर? एसटीचा सवलतीचा पास आहे. पण प्रात्यक्षिक लांबले आणि बस चुकली, की घरच्यांच्या जिवाला घोर. अशा घराने जुनी कार घेतली तर आम्ही नावे ठेवणार नाही. फक्त शेजारच्या दोन मुलींनाही तीत बसवावे आणि पेट्रोलचा खर्च वाटून घ्यावा.