कुंपणाआतले इंग्लंड

मराठी कुटुंबाने इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून मोटारीने केलेल्या प्रवासाचे वर्णन हाती आले, की त्यात काय असेल हे न वाचताही सांगता येते. हिरव्या टेकड्या, त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या, गवताने शाकारलेली घरे आणि अखेरीस एखाद्या कड्यावरून दिसणारा समुद्र. माणूस असलाच तर तो चहा देणारा, नाहीतर रस्ता सांगणारा. (पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ माणसांत रमते. म्हणूनच 1960 सालचे ते पुस्तक अजून शिळे वाटत नाही.) ही शेते कोण कसत होते आणि त्याला मजुरी काय मिळे, हा प्रश्न आपल्या प्रवासवर्णनकारांना सहसा पडत नाही. माझी तक्रार या न पडलेल्या प्रश्नाविषयी आहे, आणि तीतून मी स्वतःला वगळू शकत नाही.

देवरीसारख्या जंगलपट्ट्यातील तालुक्याच्या गावी तीसेक वर्षे इंग्रजी साहित्य शिकविल्यानंतर, दोन वर्षांपूर्वी मुलीच्या कुटुंबासमवेत डॉर्सेटमधून लाइम रीजिसच्या किनाऱ्यापर्यंत मोटारीने जाण्याचा योग आला. मी पाठ्यपुस्तक मनात घेऊनच गाडीत बसलो होतो. डॉर्चेस्टर दिसले ते हार्डीचे कॅस्टरब्रिज म्हणून. लाइमचा ‘कॉब’ हा जुना दगडी धक्का पाहिला तो ‘पर्स्वेजन’मधील लुइझा जिथे पडते ती जागा म्हणून. जेन ऑस्टिनविषयी मी मुलीला सांगत असताना पत्नीने मध्येच विचारले, “अहो, पण इथले कोळी राहतात कुठे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

जावयांची तक्रार निराळी होती. आडरस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणे. समोरून गाडी आली की आपली मागे घ्यायची. ज्या निसर्गासाठी आलो तो कुंपणापलीकडे! ही कुंपणे आपल्याला इंग्लंडच्या सौंदर्याचाच भाग वाटतात. त्यांतली काही फार जुनी आहेत हे खरे. पण देशभरातली पुष्कळशी सुमारे 1750 ते 1850 या काळात पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावाच्या सामाईक जमिनी खाजगी मालकीत वाटून दिल्या, तेव्हाची आहेत. गुरे चारण्याचा, सरपण वेचण्याचा गरिबाचा वहिवाटी हक्क त्यांनी संपविला. जॉन क्लेअर या मजूर-कवीने हे पाहिले आणि लिहिले. आमच्या वर्गात मात्र क्लेअर क्वचितच पोचतो.

देवरीकडच्या वाचकाला हे परके वाटू नये. ‘निस्तार’ हा शब्द आमच्याकडे शेतकऱ्यापासून फॉरेस्ट गार्डपर्यंत सर्वांना ठाऊक आहे: जंगलातून सरपण, चराई, बांबू, मोहफुले घेण्याची गावाची वहिवाट. इंग्रजी अमदानीत 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलाची रेघ ओढली, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ती वहिवाट हक्क म्हणून मान्य होईपर्यंत सव्वाशे वर्षे उलटली. एन्क्लोजर ही संकल्पना मी वर्गात टिपणे देऊन शिकवीत आलो. निस्तार हा शब्द उच्चारला असता तर निम्मी टिपणे लागली नसती.

डॉर्चेस्टरच्या अलीकडे टोलपडल नावाचे गाव आहे. पाटी पाहून मी गाडी थांबवायला लावली. इथल्या शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ आणि मग सातवर आली. आणखी एक शिलिंग कापण्याची भाषा सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस व त्याच्या सोबत्यांनी संघटना बांधली. संघटना बेकायदा नव्हती. म्हणून गुप्त शपथ घेतल्याचा ठपका ठेवून 1834 मध्ये सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियास धाडले. देशभर गिल्ला झाल्यावर 1836 मध्ये माफी मिळाली. त्यांतला एकच, जेम्स हॅमेट, पुढे गावात राहिला. बाकीचे कॅनडाला निघून गेले. ज्या झाडाखाली ते जमत, ते सिकमोरचे झाड अजून उभे आहे. नातीने त्याच्या बुंध्याला हात लावून पाहिला.

हार्डी या टोलपडलपासून काही मैलांवरच जन्मला. 1883 साली त्याने डॉर्सेटच्या शेतमजुरांवर एक निबंध लिहिला. सगळे मजूर एका साच्याचे गावंढळ असतात, या शहरी समजुतीला त्यात त्याने छेद दिला आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला पोचल्या, वाँटेजला राहिल्या. त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. हा योगायोग मी विद्यार्थ्यांना कधी सांगितला नव्हता. हार्डी म्हणजे नियती, एवढेच आम्ही शिकविले. ‘टेस’मधील फ्लिंटकोम-ॲशच्या शेतात गारठ्यात सलगम उकरणाऱ्या बाया परीक्षेत ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून येतात.

परतल्यावर तेच प्रकरण वर्गात मन लावून वाचले. उन्हाळ्यात आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला जाणारी, शेकडा पुड्यांचा भाव तोंडपाठ असणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, “सर, टेसला मजुरी रोजाने मिळायची की कामावर?” तीस वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. मी पुस्तक पुन्हा उघडले आणि ते प्रकरण पहिल्यापासून वाचू लागलो.