घरातील हवा : आधी धुरास वाट, मग दिवा

घरातील हवा शुद्ध करणारी विजेची यंत्रे आता केवळ शहरी घरांपुरती राहिलेली नाहीत. त्यांपैकी अतिनील किरणांच्या दिव्यावर चालणाऱ्या व मुळीच आवाज न करणाऱ्या यंत्राचा मोह पालघर-बोईसर भागातील शेतकरी कुटुंबास पडल्यास नवल नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र अतिप्रदूषित ठरले होते. तेव्हा हवेची चिंता अनाठायी नाही. परंतु भाताच्या विक्रीतून आलेला पैसा खर्चण्यापूर्वी हे यंत्र काय करते व काय करीत नाही, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या दिव्यातील सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण जंतूंच्या जननद्रव्यास इजा करतात व त्यांची वाढ खुंटवितात. हा गुण खरा आहे. क्षयाचा प्रसार रोखण्यासाठी खोलीच्या वरच्या भागात असे दिवे लावण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केली आहे. दवाखान्यातील गर्दीच्या प्रतीक्षागृहात त्यांचा उपयोग निश्चित आहे.

मात्र जंतू मारणे निराळे आणि हवा स्वच्छ करणे निराळे. चुलीचा धूर, भातझोडणीची धूळ, कारखान्यांचा उग्र दर्प, घरात साठविलेल्या कीटकनाशकांची वाफ यांवर या दिव्याचा भरवसा ठेवता येत नाही. धूळ व धुराचे कण अडविण्यास दाट गाळणी लागते, वास शोषण्यास सक्रिय कोळसा लागतो, आणि त्यांतून हवा ओढण्यास पंखा लागतो. पंखा म्हटला की थोडाफार आवाज आलाच. म्हणून यंत्र निःशब्द आहे एवढ्यावर संतुष्ट न होता त्यातून तासाला किती हवा जाते, हे विक्रेत्यास विचारावे. काही दिव्यांपासून ओझोन वायूही उत्पन्न होतो. तो फुफ्फुसांस अपायकारक आहे. उघड्या दिव्याचे किरण डोळ्यांस व त्वचेस इजा करतात.

पाड्यांवरील कारवीच्या कुडाचे घर हलक्या प्रतीचे समजले जाते. तथापि कुडाच्या फटींतून व छपराखालच्या मोकळ्या जागेतून धूर बाहेर पडत असे. त्या जागी पक्क्या भिंती आल्या. घर टिकाऊ झाले, पण जेथे चूल राहिली तेथे धुराची वाट मात्र बुजली. गॅस आला तरी अंघोळीचे पाणी तापविण्यास पुष्कळ घरी चूल पेटतेच. पावसाळ्यात तर लाकडे ओली आणि दारे-खिडक्या बंद. हा धूर सर्वाधिक सोसतात त्या स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या कडेवरची मुले. निजण्याच्या खोलीत दिवा लावल्याने त्यांच्या वाट्याचा धूर रतिभरही कमी होत नाही.

यास्तव पहिला खर्च धुराड्यावर व समोरासमोरच्या झरोक्यांवर व्हावा. वर्ध्याच्या मगनवाडीतून प्रसार पावलेल्या मगन चुलीचे तत्त्वही हेच होते. धुराडे काजळीने भरू नये म्हणून ते वेळोवेळी साफ करावे. मृगापूर्वी सरपण आडोशास रचून ठेवावे. कीटकनाशके राहत्या घराबाहेर, कुलपात ठेवावीत.

कारखान्यांच्या दर्पाचा प्रश्न वेगळा आहे. त्या बाजूने वारा वाहत असता तिकडील खिडक्या मिटाव्या आणि वारा फिरताच उघडाव्या, हा तात्पुरता इलाज होय. खरा उपाय कारखान्याच्या धुराड्यापाशीच आहे. दिनांक, वेळ व वाऱ्याची दिशा यांची नोंद ठेवून ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करणे, हा गावाचा हक्क आहे. घरोघर एकेक यंत्र आले म्हणून हा हक्क सोडून देणे हिताचे नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राची शिफारस अथवा निंदा करण्याआधी त्या घरातील चूल पाहावी. घरात क्षयाचा रुग्ण असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा व त्यानुसार दिव्याचा विचार करावा. इतरत्र आधी धुरास वाट करून द्यावी; शिल्लक उरल्यास मग दिवा घ्यावा. हाच क्रम शेतकरी कुटुंबाच्या आरोग्यास व खिशास मानवणारा आहे.