चार तळहातांएवढी जमीन

दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान आटोपले, की आमची आई फोन घेऊन बसते आणि अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या बहिणीला पहिला प्रश्न विचारते, "टायर बदललेस का गं?" फराळाला काय केलेस, दिवे लावलेस का, या चौकशा मागाहून. आमच्याकडे उटणे भिजते त्या सुमारास धाकटीकडे मोटारीला हिवाळी टायर चढतात, हे सत्तरी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींनी पंचांगाइतके पक्के करून ठेवले आहे.

या सदरात मी आजवर घरमालक, पाहुणे, पेपरतपासणी, फार तर एखादा विस्मृतीत गेलेला कवी, यांच्यापलीकडे गेलो नाही. मोटारीवर लिहिण्याचा माझा अधिकार तो किती! मला गाडी चालवता येते. ती का चालते हे मात्र कुणी विचारू नये. पण २०२४ च्या डिसेंबरात मी तीन आठवडे धाकटीकडे राहून आलो आणि तेव्हापासून वर्गात शिकवतानाही अधूनमधून चाके, बर्फ आणि उतार डोळ्यांपुढे येतात. तेव्हा वाचकांनी या खेपेला एवढी सवलत द्यावी.

धाकटी राहते न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूज शहराच्या उत्तरेला. न्यूयॉर्क म्हटल्यावर आपल्याला गगनचुंबी इमारती आठवतात. त्या इथून अडीचशे मैलांवर. इथे जवळ आहे ते ऑन्टॅरिओ सरोवर. हे सरोवर खोल असल्यामुळे हिवाळ्यातही सहसा सबंध गोठत नाही. उत्तरेकडून आलेला थंड, कोरडा वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून जाताना बाष्प पिऊन घेतो आणि काठ ओलांडला की बर्फाच्या रूपाने ओतून टाकतो. तेही अरुंद पट्ट्यात. महाबळेश्वरला मुसळधार आणि खाली वाईला नुसते ढग, हा प्रकार आपल्याला परिचयाचा आहे. तसेच तिथे एका गावात दोन फूट बर्फ आणि पाच मैलांवर ऊन. सिरॅक्यूजला वर्षाकाठी सरासरी शंभर इंचांहून अधिक बर्फ पडतो.

अशा मुलखात धाकटी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करते. घरापासून बारा मैल. आणि जाते कशातून, तर पंधरा वर्षांच्या जुन्या कोरोलातून. २०२२ च्या नाताळात त्याच राज्यातल्या बफेलो परिसरात हिमवादळ झाले, चाळीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतली काही अडकलेल्या गाड्यांत. ती बातमी आईने इथे दूरदर्शनसमोर बसून पाहिली, आणि तेव्हापासून तिचा धीर सुटला. मला निरोप देऊन पाठवले तो असा: "तिला सांग, नोकरी सोड, नाहीतर तुझ्या नवऱ्यासारखी मोठी गाडी घे. मी सांगितले तर ऐकत नाही, तुझे ऐकेल."

मी आईचा वकील म्हणून विमानातून उतरलो. आमचे मेहुणे आधीच त्या पक्षाचे. त्यांची गाडी उंच, धिप्पाड, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी. पहिल्याच रात्री जेवताना ते म्हणाले, "दादा, तुम्हीच बघा आता. बर्फात चारांपुढे दोनांचे काय चालणार?"

धाकटीने पोळी वाढता वाढता एवढेच म्हटले, "पुढची दोन आहेत. मागची नाहीत."

आता हा पुढच्या-मागच्याचा फरक मला वडिलांच्या फियाटमुळे थोडा ठाऊक होता. आपल्याकडच्या त्या फियाट, त्या ॲम्बॅसडर, साऱ्या मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या. इंजिन पुढे आणि जोर मागे. एका जूनमध्ये कोकणातल्या मामाच्या अंगणाबाहेरच्या चिखलात आमच्या फियाटची मागची चाके अशी काही गरगरली, की पाठीमागे उभे राहून ढकलणाऱ्या तिन्ही मामांचे पांढरे लेंगे पुन्हा पांढरे झाले नाहीत. शेवटी मोठ्या मामाने डिकीत दोन चिरे ठेवले, दोघा मुलांना मागे बसवले आणि गाडी निघाली. मागे वजन पडले, चाकांनी जमीन धरली. पुढे १९८३ साली मारुती ८०० आली आणि आपल्याकडच्या घराघरांत पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी शिरली. पण बर्फाशी आपला संबंध नसल्याने त्या बदलाचे कौतुक आपण केले नाही.

कौतुक केले ते बर्फाच्या देशांनी. स्वीडनच्या साबने १९४९ मध्ये आपली पहिली गाडी काढली तीच पुढच्या चाकांची. १९६२ आणि १९६३, अशी लागोपाठ दोन वर्षे एरिक कार्लसन याने साबमधून माँटे कार्लोची शर्यत जिंकली, आणि १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कने चिमुकल्या मिनीतून. ती शर्यत म्हणजे हिवाळ्यातल्या आल्प्सचे घाट. ही माहिती मी मेहुण्यांना ऐकवली. ते म्हणाले, "ते शर्यतवाले हो. ही रोज रात्री साडेदहाला निघते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मर्म साधे आहे. अशा गाडीत इंजिन आणि गिअरची पेटी दोन्ही पुढे, म्हणजे एकूण वजनाचा साठेक टक्के भार पुढच्या चाकांवर. आणि ओढणारी चाकेही तीच. मामाने चिरे ठेवून जे साधले ते इथे कारखान्यातच साधलेले. शिवाय बैलगाडी आणि हातगाडी यांत जो फरक, तो इथेही आहे. बैल पुढे असला की गाडी मुकाट्याने मागून येते. हातगाडी मागून ढकलावी तर निसरड्यात तिचे तोंड भलतीकडे वळते.

पण दुसऱ्या दिवशी धाकटीने मला गाडीजवळ नेऊन ओणवे केले आणि म्हणाली, "दादा, ते ओढणे-ढकलणे राहू दे. हे बघ." टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण उमटवलेली होती. ही खऱ्या बर्फाची परीक्षा उतरलेल्या टायरची खूण. साधे रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली ताठरू लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. "एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग केवढा असतो, माहीत आहे? तळहाताएवढा. चार तळहात. बाकी सगळी गाडी हवेत." कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे, हेही तिने सांगितले.

आणि मग जरा खालच्या आवाजात तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिने आईला कधीही सांगितलेली नाही. पहिल्या वर्षी पैसे वाचवावे म्हणून तिने दोनच हिवाळी टायर घेतले आणि पुढे लावले. जोर पुढे, तर पकडही पुढेच हवी, हा हिशेब. एका वळणावर पुढच्या चाकांनी रस्ता घट्ट धरला, मागच्या जुन्या टायरांनी सोडला, आणि गाडी स्वतःभोवती फिरून आली तशी उलट तोंड करून उभी राहिली. समोरून कुणी येत नव्हते. "चारच लावायचे असतात," ती म्हणाली. "चार, नाहीतर एकही नाही."

मेहुण्यांच्या धिप्पाड गाडीला बारमाही टायर होते. तिथेच वादाची गाठ होती. चार चाकांना ताकद असली की गाडी निघते झोकात, चढते झोकात. पण थांबताना इंजिनाचा काय उपयोग? ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. थांबवतात ते टायर. झोकात निघालेल्या माणसाला रस्ता किती निसरडा आहे हे कळते ते थांबायच्या वेळी.

रविवारी ती मला एका बंद दुकानाच्या ओसाड वाहनतळावर घेऊन गेली. किल्ली माझ्या हातात दिली. "घसर," म्हणाली.

वाचकहो, हिला सायकल शिकवली ती मी. कॉलेजच्या मैदानावर, मागून सीट धरून. धरले आहे असे सांगत मी मध्येच हात सोडला, ती पडली, हनुवटीला तीन टाके पडले, आणि आईला आम्ही दोघांनी मिळून सांगितले की जिन्यावरून पडली. तीच आज शेजारी बसून मला सांगत होती, "वळव. आता जोरात वळव." मी चाक पुरे फिरवले. गाडी वळली नाही. तोंड वळवूनही हट्टी वासरासारखी सरळच जात राहिली. पुढच्या चाकांच्या गाडीचा हा हमखास दोष. ओढणारी तीच आणि वळवणारीही तीच, त्यांना दोन्ही कामे एकदम सांगितली की एकही होत नाही. मी घाबरून आणखी वळवले. "उलट करायचे, दादा. ॲक्सिलरेटर सोड, चाक थोडे परत घे, थांब." परत घेतले, क्षणभर काही नाही, मग टायरांनी खालचा बर्फ धरल्याचे चक्क हातांना जाणवले.

मग तिने करकचून ब्रेक दाबायला लावला. पायाखाली पेडल थरथरू लागले, खालून कुणी दात खातो आहे असा आवाज. मी दचकून पाय काढला. "काढायचा नाही. तो थरथरतो तेव्हाच तो काम करतो आहे. दाबून धर आणि बाजूने काढ." शेवटी मागची बाजू घसरली तर काय, तेही झाले: ब्रेकला हात लावायचा नाही, जायचे आहे तिकडे बघायचे आणि तिकडेच चाक फिरवायचे. दीड तासात मी घामाघूम झालो, बाहेर शून्याखाली आठ अंश असताना.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी रात्री मी तिच्याबरोबर निघालो. आईला डोळ्यांनी पाहिलेले सांगायचे होते. संध्याकाळपासून सरोवरावरचा पट्टा आमच्या गावावर येऊन बसला होता. तासाला दोन-तीन इंच बर्फ पडत होता. मेहुणे म्हणाले, "माझी गाडी ने." ती म्हणाली, "तुमचे टायर बदलाल तेव्हा नेईन."

पहिला मैल गाडी इतकी शहाण्यासारखी गेली, की माझ्यातला आईचा वकील फितूर होऊ लागला. ताशी वीस मैल, पुढच्या गाडीपासून भले मोठे अंतर, कुठेही हिसका नाही. वाटेत एक उंच चारचाकी-जोराची गाडी खड्ड्यात नाक खुपसून उभी होती; तिचा मालक बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता. मी विजयी मुद्रेने धाकटीकडे पाहिले. तिने पाहिले नाही. तिचे लक्ष पुढच्या चढाकडे होते.

हमरस्त्याला लागायच्या आधी तिथे दोन फर्लांगांचा चढ आहे. बर्फ साफ करणारा ट्रक अजून आलेला नव्हता. चढावर गाडीचे वजन मागे सरकते. म्हणजे पुढच्या चाकांचे सगळे बळ ज्या वजनात, तेच त्यांच्यावरून कमी होते. अर्ध्यात चाके गरगरली. तिने लगेच पाय काढला, हळूहळू मागे उतरवली, थोडी धाव घेऊन पुन्हा चढवली. पहिल्यापेक्षा पाच-सहा हात पुढे गेलो. आता गाडीच्या पोटाला बर्फ घासल्याचा आवाज येत होता. या गाडीच्या पोटाखाली वीतभरही जागा नाही. बर्फ तिच्याहून उंच झाला की गाडी त्यावर होडीसारखी टेकते आणि मग टायर कितीही चांगले असोत, ते हवेत.

मी म्हणालो, "एकदा आणखी बघू या. मी ढकलतो."

"नाही," ती म्हणाली, "परत जायचे."

तिने रुग्णालयात फोन लावला. संध्याकाळच्या पाळीची बाई थांबायला तयार झाली. तिला घरी तीन वर्षांचे मूल आहे, हे धाकटीने फोन ठेवल्यावर सांगितले आणि मग घर येईपर्यंत काही बोलली नाही. घराच्या दारातला छोटा चढ मात्र तिने गाडी उलटी वळवून मागे मागे चढवला: तोंड उताराकडे राहिले की वजन पुन्हा पुढच्या चाकांवर. मेहुणे दारात दिवा लावून उभे होते. काही बोलले नाहीत. फक्त फावडे घेऊन गाडीमागचा धूर जाण्याचा मार्ग मोकळा केला. तो बर्फाने बुजला आणि इंजिन चालू राहिले, तर विषारी वायू आत शिरतो. पहाटे साडेचारला रस्ता साफ झाल्यावर ती निघाली, आणि त्या बाईला मोकळे केले.

एक गोष्ट मी न्यायाने सांगितली पाहिजे. त्या रात्री तो चढ मेहुण्यांची उंच गाडी चढली असती. धाकटीलाही ते मान्य होते. पलीकडचा उतार ती त्या टायरांवर कशी उतरली असती, हा दुसरा प्रश्न. तो मेहुण्यांना मान्य होता. शनिवारी ते न बोलता गेले आणि चार हिवाळी टायर घेऊन आले. तेव्हापासून ठरले आहे, की बर्फ सहा इंचांच्या वर जाणार असेल त्या रात्री गाड्यांची अदलाबदल करायची.

परत आल्यावर आईने मला समोर बसवले. नोकरी सोडते का? नाही. मोठी गाडी घेतली का? नाही, पण वेळप्रसंगी वापरते. मग मी तिला वजनाचे, टायरांचे, तळहातांचे सगळे समजावून सांगितले, तिने ऐकून घेतले. त्या बुधवारबद्दल मी म्हणालो, "एकदा बर्फ फार होता म्हणून गेलीच नाही. घरीच राहिली."

"निघालीच नाही?"

"नाही."

आई सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "जिन्यावरून पडली होती ना, तसंच का रे?"