मोठ्या बोअरचा मोह

पोलिसांसाठी किंवा सैन्यासाठी नवे पिस्तूल घेण्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न बोअरचा येतो. ९ मिलिमीटरची गोळी पुरेल, की पॉइंट ४५ सारखी जाड आणि जड गोळी हवी? आज बहुतेक नवी सर्व्हिस पिस्तुले पॉलिमरच्या सांगाड्याची असतात. त्यामुळे वजनाला हलके आणि गोळीला मोठे असे पिस्तूल कागदावर फार आकर्षक दिसते. माझे म्हणणे असे आहे की ही निवड बोअरपासून सुरू करणेच चूक आहे. पिस्तूल ज्या हातात जाणार तो हात आधी पाहावा, बोअर सर्वांत शेवटी ठरवावे. हे म्हणायला आधार आहे अमेरिकेच्या अनुभवाचा. या एका प्रश्नावर तो देश शतकभर इकडून तिकडे फिरला, अनेकदा बोअर बदलले आणि अखेर ९ मिलिमीटरवर येऊन थांबला.

मोठ्या गोळीचा आग्रह सुरू झाला फिलिपिन्समध्ये. तिथल्या मोरो लढवय्यांशी झालेल्या चकमकींत, पॉइंट ३८ रिव्हॉल्वरच्या गोळ्या लागूनही माणसे अंगावर चालून येतात, अशा तक्रारी अमेरिकी सैन्यातून आल्या. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत जनावरांवर, शिवाय मानवी मृतदेहांवरही गोळ्या झाडून पाहिल्या. पॉइंट ४५ पेक्षा लहान गोळी सैनिकाला देऊ नये, अशी शिफारस त्यांनी केली. त्यातून १९११ साली जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे पॉइंट ४५ पिस्तूल सैन्यात आले आणि १९८५ पर्यंत तेच अधिकृत राहिले. मात्र त्याच अहवालात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. शरीराच्या बऱ्याचशा भागावर पिस्तुलाची कोणतीही गोळी लागली तरी माणूस जागच्या जागी थांबेल याची खात्री नाही, म्हणून पिस्तूलधारी सैनिकाकडून अचूक नेमाचा सराव अखंड करून घ्यावा. पहिली शिफारस दंतकथा होऊन बसली. दुसरी विस्मरणात गेली, आणि माझ्या मते पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले आणि दोन्ही दरोडेखोर मारले गेले. चकमकीच्या सुरुवातीलाच एका एजंटच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी एका दरोडेखोराच्या उजव्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली. फुप्फुस फुटले, पण गोळी हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. ती जखम जीवघेणीच होती, तरी तो माणूस त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. चौकशीनंतर बोट रोखले गेले ते या गोळीकडे. ती आणखी इंचभर आत गेली असती तर, हा विचार कुणाच्याही मनात येईल. पण त्या दरोडेखोराच्या हातात रायफल होती आणि एजंटांचा भर मुख्यतः पिस्तुले व रिव्हॉल्वर यांच्यावर होता, ही गोष्ट त्या इंचापेक्षा कितीतरी मोठी होती. रायफलशी पिस्तुलाने सामना करण्याची वेळ आली, तर पिस्तुलाचे बोअर वाढवून फार काही हाती लागत नाही.

चौकशीतून एक चांगले काम मात्र झाले. गोळीची परीक्षा कशी घ्यायची याचे शास्त्र एफबीआयने बसवले. शरीराच्या मांसासारख्या घट्ट जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच शिरली पाहिजे, हा निकष त्यातून आला आणि आजही तो मानला जातो. पण त्याबरोबर १० मिलिमीटरचे दणकट पिस्तूलही आले. त्याचा झटका इतका होता की काडतुसाची ताकद उतरवावी लागली. मग ताकद उतरवलेल्या गोळीला एवढे लांब काडतूस हवे कशाला, म्हणून ते आखूड करून १९९० मध्ये पॉइंट ४० निघाले आणि पुढे अमेरिकेतल्या असंख्य पोलीस दलांनी ते स्वीकारले. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने सगळा हिशेब पुन्हा मांडला. चांगल्या आधुनिक गोळ्या असतील तर ९ मिलिमीटर, पॉइंट ४० आणि पॉइंट ४५ यांच्या जखमांत लक्षात येईल असा फरक दिसत नाही. बहुतेक लोक ९ मिलिमीटरने अधिक वेगाने आणि अधिक अचूक नेम साधतात. आणि प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी २० ते ३० टक्केच लक्ष्यावर लागतात. हा शेवटचा आकडा या वादातला सर्वांत बोलका आकडा आहे. दहातल्या सात-आठ गोळ्या हुकत असतील, तर लागणाऱ्या दोन-तीन गोळ्यांची जाडी वाढवत बसण्यात काय अर्थ?

आता पॉलिमरकडे वळू. हेकलर अँड कॉखने १९७० मध्येच पॉलिमरच्या सांगाड्याचे पिस्तूल काढले होते, पण या साहित्याला जगभर मान मिळाला तो १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ स्वीकारल्यावर. पॉलिमरला गंज लागत नाही. मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात हा मोठाच फायदा आहे, अर्थात स्लाइड आणि नळी पोलादीच असल्याने तेलपाणी चुकत नाही. वजनही उतरते. पॉइंट ४५ चे ग्लॉक २१ रिकाम्या मॅगझिनसह जुन्या पोलादी पिस्तुलापेक्षा सुमारे पाव किलो हलके आहे. दिवसभर कमरेला वागवणाऱ्याला हा दिलासा आहे, गोळी झाडताना मात्र तोच हलकेपणा नडतो. पॉइंट ४५ ची नेहमीची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास. ९ मिलिमीटरची ८ ग्रॅमची, वेग ३६० च्या घरात. वस्तुमान गुणिले वेग केले तर मोठ्या गोळीचा मागे येणारा रेटा तीस टक्क्यांनी जास्त भरतो. पॉलिमर थोडे लवचिक असल्याने झटक्याची धार बोथट होते हे खरे, पण रेटा कुठे जात नाही, तो मनगटालाच झेलावा लागतो आणि दुसरी गोळी तेवढी उशिरा सुटते.

शिवाय जाड काडतुसे मॅगझिनमध्ये दोन ओळींत बसवायची म्हणजे मूठ जाड होते. इथे नेमके काय बिघडते ते पाहण्यासारखे आहे. पिस्तूल नीट धरले तर नळी हाताच्या रेषेत येते आणि तर्जनीचे टोकाचे पेर ट्रिगरवर सपाट बसते. मूठ जाड असली आणि बोटे आखूड असली, की ट्रिगर गाठण्यासाठी माणूस नकळत पिस्तूल हातात फिरवून घेतो. मग नळी हाताच्या रेषेतून सरकते, झटका तळव्याच्या मध्यावर न येता अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि ट्रिगर ओढताना बोट पिस्तुलाला एका बाजूला ढकलते. प्रशिक्षक ‘नेम नीट धर’ म्हणून ओरडत राहतो, आणि दोष असतो मुठीत. उत्पादकांनाही हे उमगले आहे. मुठीची मागची पट्टी बदलता येणारी पिस्तुले आता सर्रास मिळतात. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेल्या सिग सावरच्या एम १७ ला तर लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या मुठी बसतात. आणि ते पिस्तूल ९ मिलिमीटरचेच आहे.

नेम बिघडला तर काय होते, ते न्यूयॉर्कने पाहिले आहे. चुकून गोळी सुटू नये म्हणून तिथल्या पोलिसांच्या पिस्तुलांचा ट्रिगर मुद्दाम जड ठेवला जाई, सुमारे साडेपाच किलोचा. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुनी हल्लेखोरावर १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, पण पोलिसांच्या गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. या घटनेचा सगळा दोष ट्रिगरवर टाकता येणार नाही. भीती, घाई आणि गर्दी यांचाही त्यात वाटा आहे. तरी भर रस्त्यात पिस्तूल चालवायची वेळ येणाऱ्या दलाने, नेम बिघडवणारी प्रत्येक गोष्ट वाटसरूंच्या जिवावर बेतते, हे धरूनच चालले पाहिजे. दादर किंवा कुर्ल्याच्या गर्दीत तर याहून वेगळे काही होणार नाही.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. एफबीआयचा निष्कर्ष पोकळ टोकाच्या, शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांचा आहे. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना बंदी घातली, आणि त्या बंदीमागचे मोठे निमित्त होते कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातली गोळी. सैन्ये म्हणून अखंड धातूचे कवच असलेली गोळी वापरत आली. ती फुलत नाही, मग जी मुळात जाड तीच बरी, असा हा युक्तिवाद आहे, आणि तो तर्कशुद्ध आहे. फुलणारी गोळी मिळणारच नसेल तर जाडीला काही किंमत आहे हे मी मान्य करतो. पण दोन गोळ्यांच्या जाडीतला फरक अडीच मिलिमीटरहूनही कमी आहे, आणि हुकलेल्या गोळीची जाडी कुणाच्या कामाची नाही. शिवाय हेगची बंदी युद्धापुरती आहे. देशांतर्गत पोलिसी कामाला ती लागू होत नाही, आणि कवचधारी गोळी माणसाच्या आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका दोन्ही बोअरमध्ये आहे. तेव्हा कोणती गोळी द्यायची हा वाद पोलिसांनी जरूर घालावा, त्याचे उत्तर बोअर बदलून मिळणार नाही. विशेष दलांचा दाखलाही नेहमी दिला जातो. अमेरिकी मरीन्सच्या विशेष पथकाने २०१२ मध्ये पॉइंट ४५ घेतले होते हे खरे आहे, पण काही वर्षांतच तेही ९ मिलिमीटरच्या ग्लॉक १९ कडे वळले.

आपल्याकडे ९ मिलिमीटर आणि पॉइंट ४५ ही दोन्ही सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित बोअर आहेत, त्यामुळे हा प्रश्न सरकारी खरेदीचाच आहे. महाराष्ट्रात पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. पिस्तुलाच्या चाचणीला रेंजवर कसलेले, धिप्पाड नेमबाज उभे करून निविदा मंजूर केली, तर या महिला कर्मचाऱ्यांच्या आणि लहान हाताच्या पुरुषांच्याही हातात न बसणारे हत्यार पुढची पंधरा-वीस वर्षे राहील. चाचणीत त्यांचे हात असले पाहिजेत, आणि पहिल्या गोळीनंतर दुसरी गोळी किती वेळात आणि कुठे लागते हे मोजले गेले पाहिजे. गोळ्यांचा हिशेबही तिथेच मांडावा. ९ मिलिमीटरचे काडतूस पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनते. पॉइंट ४५ घेतले तर वेगळा पुरवठा, वेगळा साठा आणि वेगळा खर्च उभा करावा लागेल, आणि पैसे अपुरे पडले की पहिली कात्री लागेल ती सरावाच्या राऊंडांना.