विश्लेषण : घर नसणे हा गुन्हा कसा?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण शेजारच्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. बेघर व्हायला आळस किंवा व्यसनच लागते असे नाही. पण यातले कुणी रस्त्यावरच राहिले असते, तर राज्यातील एका कायद्याखाली त्यांना वॉरंटशिवाय पकडता आले असते.

कायदा कोणता?

मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम, १९५९. नावात फक्त भीक आहे. व्याख्या मात्र ऐसपैस. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणे किंवा थांबणे, आणि एकूण अवस्थेवरून माणूस भिकेवर जगत असावा असे वाटणे, हेही त्यात बसते. हात पसरलाच पाहिजे असे नाही. कळकट कपडे आणि शेजारी बोचके असले तरी पुरे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे, हे इथे आठवलेले बरे.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी याच कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता; महाराष्ट्रात कायदा कायम आहे. मार्च २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी तर चौकांत भीक मागण्यावर जमावबंदीचा आदेश काढला. मुलांना भिकेला लावणाऱ्या टोळ्यांचे काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण त्यांच्यासाठी बाल न्याय आणि मानवी तस्करीविरोधी कायदे आहेत. या कायद्यात टोळीचा म्होरक्या क्वचितच सापडतो, सापडते ती फुटपाथवरची म्हातारी.

मग झोपायचे कुठे?

२०११च्या जनगणनेत राज्यात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा. घुग्घुससारखे गाव या हिशेबात कुठेच येत नाही. लोकसंख्या लाखाच्या जवळपासही नाही. पण कोळसा, सिमेंट आणि लोखंडाच्या कारखान्यांमुळे मजुरांची ये-जा मोठ्या शहरासारखी. कंत्राट संपले, अपघात झाला, खोलीचे भाडे थकले की माणूस थेट रस्त्यावर.

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी पोलीस गाडीपेक्षा उघडे समाजमंदिर, पिण्याचे पाणी, शौचालय आणि आधार व रेशन कार्ड काढून देणारा एक माणूस जास्त उपयोगी. नगरपरिषदेला त्यासाठी लाखाचा निकष गाठायची वाट पाहावी लागत नाही; येत्या उन्हाळ्याआधी एक सभागृह रात्रीपुरते उघडून सुरुवात करता येईल. कायदा रद्द करणे मात्र विधिमंडळाचे काम आहे, आणि ते ६०हून अधिक वर्षे पडून आहे.