वाचनालयातलं एक टेबल मुलांसाठी सोडा



शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पुस्तकं आमच्याकडेही आहेत. पण ती कुलपात, आणि किल्ली ज्यांच्याकडे त्या शिक्षकांना आठवड्याला भरगच्च तासिका. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात, मग कपाट पुन्हा बंद. वेगळे ग्रंथपाल नसलेल्या शाळेत उपक्रम घेणार तरी कोण?

माझं मत असं, की उपक्रम 'घ्यायचाच' नाही. मांडून ठेवायचा.

आमच्या वाचनालयात खिडकीजवळ एक जुनं टेबल आहे. मधल्या सुट्टीत खोली उघडी असते. टेबलावर एकच गोष्ट, साधारण दोन आठवडे. सुरुवात टँग्रॅमने केली. वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, एक चौरस आखला आणि कापला. सात तुकडे निघतात: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन. तुकडे हरवतातच, म्हणून प्रत्येक संचाची मागची बाजू वेगळ्या रंगाची केली. शेजारी आकृत्यांची कार्डं. मांजराच्या कार्डावर खाली लिहिलं, 'या मांजराची गोष्ट दुसऱ्या फळीवर लाल पाठीच्या पुस्तकात आहे.' सूचना तीन ओळींच्या वर गेली की मुलं वाचत नाहीत (आपण तरी परिपत्रक पूर्ण कुठे वाचतो?). नंतर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठं शब्दकोडं काढून भिंतीला लावलं, दोरीने पेन्सिल बांधली. ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने भरायचा. कधी 'बोक्या आणि कावळा एकाच छत्रीत' एवढंच वाक्य लिहून खाली जागा सोडली, मुलांनी गोष्ट पुढे नेली. खर्च जवळजवळ शून्य.

एका पालकांनी विचारलं, "बाई, वाचनालयात मुलं खेळतात, मग वाचतात कधी?" प्रश्न रास्त आहे. त्यावर मी त्यांना आमच्या सातवीतल्या एका मुलाबद्दल सांगितलं. तो अडखळत वाचतो. प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की त्याला नेमकी तहान लागते. टँग्रॅमचा उंट मात्र सगळ्यांआधी त्याने लावला, आणि मग हुशार म्हणवणारी मुलं त्याला विचारायला लागली. नवीन आकृती हवी तर कार्ड वाचावं लागतं. ते तो वाचतो, ओठ हलवत, बोट ठेवून. कारण तिथे कोणी ऐकत नाही, चूक काढत नाही. तो आता भराभर वाचतो असं मी म्हणणार नाही. पुस्तक घरी नेलंय ते दोनदाच, त्यातलं एक चित्रांचं. पण जो या खोलीत पाऊल टाकत नव्हता तो रोज येतो, आणि माझ्या मते हे वाचनच आहे.

हे सगळं बिघडवायला फार कष्ट लागत नाहीत. मागच्या वर्षी मीच बिघडवलं. अहवालात काहीतरी दाखवायला हवं म्हणून शब्दकोडं सोडवणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहू लागले. तीन दिवसांत एकाचं उत्तर सगळ्यांनी उतरवलं, टेबलाभोवती पहिल्या बाकावरचीच मुलं उरली, आणि आमचा उंटवाला दिसेनासा झाला. नावं पुसली. तो परत यायला महिना लागला.

म्हणून गुण नकोत, बक्षीस नको, हजेरी नको. ग्रुपवर टाकायला फोटो काढायचाच तर रिकाम्या टेबलाचा काढा. आपण फक्त अधूनमधून डोकवायचं, पेन्सिलीला टोक काढायचं आणि पुढचं मांडायचं. मला स्वतःला हे डोकावून परत फिरणं सगळ्यात जड जातं, मुलं चुकीचा तुकडा फिरवत बसली की हात शिवशिवतो.

सध्या टेबलावर पुन्हा टँग्रॅमच आहे, मुलांनीच मागितलं. निळ्या संचातला चौरस हरवलाय. पाचवीतल्या एका मुलीने घरून पुठ्ठा आणते म्हणून सांगितलंय.